खालच्या घळीचा कौल

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. मागल्या हिवाळ्यात मी आमच्या कॅनडातल्या, ब्रॅम्पटनच्या घरासमोर बर्फात पडलो नव्हतो. बसलो होतो. ड्राइव्हवे शोव्हल करता करता, म्हणजे दारातला बर्फ फावड्याने काढता काढता, पायाखाली बर्फाची काच आली, जी दिसत नाही पण असते, आणि मला वाटलं की आता उभं राहण्यात काही अर्थ नाही. म्हणून बसलो. समोरच्या घरातला सरदारजी, ट्रक चालवतो, म्हणजे आपल्याच जातीचा माणूस, खिडकी उघडून ओरडला, "अंकलजी, गिर गए क्या?" मी म्हटलं, "नहीं जी, बैठा हूँ." यात खोटं काय आहे?

पण घरात ऐकतो कोण. मुलाने त्याच संध्याकाळी माझं फावडं उचललं, गाडीच्या डिकीत टाकलं आणि कुलूप लावलं. दुसऱ्या आठवड्यापासून एक माणूस पिकअपच्या तोंडाला नांगर बांधून यायला लागला. धडाधड बर्फ ढकलतो, अर्धा आमच्या गुलाबाच्या आळ्यात टाकतो आणि निघून जातो. मी खिडकीत. चहा घेऊन. जसा काही सरकारी पाहुणा.

त्या फावड्याबद्दल सांगायला हवं. लाल, रुंद, दांडा लांब. दांड्याला मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, हात घसरू नये म्हणून. सकाळी सगळे उठायच्या आत मी बाहेर. ड्राइव्हवे असा साफ करायचो की कडेला ओळंबा लावून बघावं. मग मुलगा आणि सूनबाई कामाला निघायचे, गाडी सुळकन रस्त्याला लागायची, आणि मला वाटायचं, चला, आजची भाकरी आपण कमावली. आता मी चौथी शिकलेला माणूस. सारा जन्म कोकणात जांभ्या चिऱ्याचा ट्रक चालवला. या देशात मला दुसरं कुठलं काम येतं? मुलगा कॉम्प्युटरवर काय करतो ते मला कळत नाही, सून काय करते ते मुलालाही कळत नाही. माझं काम मात्र रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं. तेच डिकीत गेलं.

तर हा झाला फावड्याचा विषय. घळीचा विषय यालाच जोडलेला आहे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी नातीने बेसमेंटमधल्या टीव्हीवर एक फोटो लावला. नात हायस्कुलात जाते. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मार्च ब्रेकची सुट्टी तोंडावर होती आणि अमेरिकेच्या वाळवंटात जायचं ठरत होतं. फोटोत एक घळ होती. घळ म्हणजे दगडाला पडलेली चीर, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. पण तो दगड! ओलं लुगडं पिळून वाळत घालावं तशा त्याला वळ्या पडलेल्या. खाली जांभळा, मध्ये लाल, वर जिथे ऊन लागतं तिथे पिकल्या हापूससारखा. जन्मभर मी लाल दगड वाहिला, पण दगड असा नाचताना पाहिला नव्हता.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"वॉटर, आजोबा. जस्ट वॉटर."

"वाळवंटात पाणी कुठलं?"

"कधी कधी पूर येतो," सूनबाई म्हणाली. सूनबाई पुण्याची, तिला सगळं आधी वाचून ठेवायची सवय. "म्हणूनच एकटं जाऊ देत नाहीत. तिथल्या मूळच्या लोकांची जमीन आहे, त्यांचाच गाईड घ्यावा लागतो. आणि घळीचे दोन भाग आहेत, बाबा. वरचा आणि खालचा. एकाच भागाला वेळ मिळेल."

वरच्या भागात म्हणे जमीन सपाट. गाईड आपल्याला ट्रकच्या पाठीत बसवून वाळूतून घळीच्या तोंडाशी नेतो, आपण चालत आत जायचं, चालत बाहेर यायचं. खालच्या भागात लोखंडी शिड्या. जमिनीत उतरायचं, वाकत, अंग चोरत जायचं आणि पुन्हा शिडीने वर यायचं. आता वरची घळ सपाट आणि खालची उभी, हे मला पटायला थोडा वेळ लागला, पण असो.

"वरचीच घेऊ," सूनबाई म्हणाली. "सगळ्यांनी लिहिलंय, सीनियर्ससाठी बेस्ट."

"बुक करतो," मुलगा म्हणाला.

"थांब. मला कोणी विचारलं?"

"बाबा, तुम्ही मागल्या वर्षी पडलात…"

"बसलो."

"बरं, बसलात. शिडीवर बसायला जागा नसते."

नात हसली. मीही हसलो असतो, पण तेव्हा मी रागावलो होतो. मुलगा मला चुचकारायला लागला. "आणि ट्रकमधून नेतात, बाबा. तुम्हाला ट्रक आवडतो ना?"

"पाठीत बसून? जन्मभर मी पुढे बसलो, मागे चिरे बसले. आता मी चिऱ्यासारखा मागे बसू? मला खालच्या घळीत जायचं आहे. नाहीतर मी येत नाही. तुम्ही जा, मी घर सांभाळतो."

आमची ही कोपऱ्यात खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. तिचा उजवा गुडघा कुरकुरतो, बेसमेंटचा जिना ती खेकड्यासारखी आडवी उतरते. मुलाने तिलाही विचारलं, पण तोंड माझ्याकडे ठेवून. "आईचं काय? आईला शिड्या जमणार आहेत का?"

ही म्हणाली, "मला काय, कुठेही चला."

असं तीन दिवस चाललं. जेवताना वरची-खालची, ग्रोसरी आणायला गेलो तर दुकानात वरची-खालची. मुलाने मला बेसमेंटच्या जिन्यावर पकडून माझ्या धापा मोजायला सुरुवात केली. मी श्वास रोखून चढायला लागलो आणि वर पोचलो की वॉशरूममध्ये जाऊन मनसोक्त धापा टाकायचो. शेवटी हीच वैतागली. "एवढं भांडता, त्यापेक्षा कौल लावा. देव सांगेल तिकडे जाऊ."

कौल म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय कोणी विहीर खणत नाही, होडी पाण्यात लोटत नाही, सोयरीक जमवत नाही. देवळातला गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने मागणं, घालतो, आणि सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. मग त्यावर वकील नाही, कोर्ट नाही.

मुलगा हसला, पण नको म्हणाला नाही. लहानपणी त्याची स्वतःची शाळा आम्ही कौलाने ठरवली होती आणि त्याचं काही वाईट झालं नाही, ब्रॅम्पटनला घर झालं.

बेसमेंटमधल्या आमच्या देवघरात गावाहून आणलेला काळ्या दगडाचा गणपती आहे, तळहाताएवढा. पाकळ्यांसाठी फुलं हवीत. बाहेर बर्फ. तेवढ्यात नातीला वरच्या टेबलावरचे गुलाब आठवले. ते मुलाने सूनबाईला व्हॅलेंटाइनला आणले होते.

"माझे गुलाब?" सूनबाई म्हणाली.

"देवाच्या कामाला," मी म्हटलं.

"देवाच्या की तुमच्या?" असं म्हणून तिने स्वतःच एक फूल तोडून दिलं. पुण्याची असली तरी मनाने मोठी आहे.

मग मुलगा इंजिनियरसारखा बोलला. "फर्नेस चालू आहे. वरून हवा येते. त्याने पाकळी पडली तर ते मी धरणार नाही." बरोबर होतं. घर गरम ठेवणारा फर्नेस बंद केला. हळूहळू बेसमेंट गार पडलं. सूनबाई जॅकेट घालून बसली, नात ब्लँकेट गुंडाळून, हिने माझी माकडटोपी घातली. आणि मी, अंगात नुसता सदरा, देवापुढे उभा राहिलो, पाकळ्या ओल्या करून गणपतीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! समुद्र ओलांडून आलेलं तुझं हे लेकरू आज तुझ्यासमोर उभं आहे…"

"व्हय म्हाराजा!" नात ओरडली. तिला एवढं एकच वाक्य आमच्या बोलीत येतं, पण ते ती असं म्हणते की छताला धक्का बसावा.

"खालच्या घळीत जायचं असेल तर उजवी दे, वरच्या घळीत जायचं असेल तर डावी दे…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या मुलाच्या डोक्यात थोडा उजेड पाड…"

"बाबा, हे गाऱ्हाण्यात नसतं!"

"व्हय म्हाराजा!" नात म्हणाली.

मग आम्ही पाचजण थंडीत कुडकुडत एका पाकळीकडे बघतोय. हिच्या तोंडातून वाफ येते की काय असं वाटलं. आणि एक पाकळी सुटली, गणपतीच्या हातावरून घसरून ताम्हनात पडली.

"उजवी!" मी उडीच मारली. "उजवी! खालची घळ!"

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "ती तुमची उजवी. देव तुमच्याकडे तोंड करून बसलाय. देवाची डावी पडली."

"मी बघतोय ना? बघणाऱ्याची उजवी ती उजवी."

"आजोबा, दॅट्स चीटिंग!"

"तू गप. कॅनडात बघणाऱ्याचीच धरतात."

"असा कुठे कायदा आहे?" सूनबाईने फोन काढला, जसं काही तिथे हे लिहिलेलं असणार. मी म्हटलं, गुरवालाच विचारू. गावचा गुरव माझा बालमित्र, शाळेत आम्ही एकाच पाटीवर दोघं लिहायचो. इथे संध्याकाळ म्हणजे तिथे सकाळ, तो देवळातच असणार. नातीने फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"काय रे, सकाळी सकाळी? कोण गेलो काय?"

"कोण जाऊक नाय. कौलाचा एक विचारूचा आसा. उजवी म्हणजे कोणाची उजवी? देवाची की बघणाऱ्याची?"

"देवाची रे मेल्या! तुझी कित्या? देव तुका कौल देता की तू देवाक?"

मुलाने तोंडावर उशी धरली. मी म्हटलं, "बरा." पण गुरव सोडायला तयार नाही. "कसलो कौल? जमनीचो?"

"नाय. अमेरिकेत एक घळ आसा. थंय वरसून जावचा की खालसून, ता विचारूचा होता."

"घळीत पाणी आसा?"

"नाय."

"मासे?"

"नाय."

"मगे जातास कित्या?"

नात ब्लँकेटमध्ये हसून लोळत होती. गुरवाने पुढे विचारलं, "पाकळी लायली कोणी?"

"मी."

"गाऱ्हाणा?"

"मीच."

"आणि मागणा कोणाचा?"

नात फोनमध्ये ओरडली, "आजोबांचं!"

"मगे तो कौल न्हय, तो तमाशो! चाळीस वर्सा चिरे वाहिलंस, देवळात कधी ध्यान देवन बघलंस नाय. जेका काय एक नको, तेच्याच हातान पाकळी लावची. ठेव आता, माका आंघोळ करूची आसा."

फोन ठेवला. आता घरात असं कोण आहे ज्याला काहीच नको? मला खालची, मुलाला आणि सूनबाईला वरची, नात फोटोसाठी खालची म्हणत होती पण बापासमोर बोलत नव्हती. सगळ्यांनी एकदम खुर्चीकडे पाहिलं. माकडटोपीतून ही म्हणाली, "मला काय, कुठेही चला."

तिने उठून लसणाचे हात धुतले. पाकळ्या पाण्यात बुडवल्या, चिकटवल्या, हात जोडले. गाऱ्हाणं नातीने घातलं, निम्मं इंग्रजीत. देवाला समजलं, कारण बोलून पुरतं व्हायच्या आत पाकळी पडली. देवाची उजवी. सगळ्यांनी दोनदा बघितलं, मुलगा तर देवाच्या बाजूला त्याच्यासारखाच मांडी घालून बसला आणि आपला उजवा हात वर करून खात्री करून घेतली.

"खालची," तो म्हणाला. "मान्य. पण एक अट."

"बोल."

"कोणाचाही हात न धरता खाली उतरून वर यायचं. आलात तर फावडं तुमचं. नाही आलात तर यापुढे बर्फ, शिडी, सगळं बंद, आणि मी सांगेन ते मुकाट ऐकायचं."

"कठडा धरला तर?"

"कठडा चालेल. माणूस नाही."

मी तिथेच हात पुढे केला. फर्नेस चालू करायला पोरं धावली. त्या रात्री मला झोपेत पण हसू येत होतं, असं ही सांगते.

मग काय, तयारी. मी रोज बेसमेंटचा जिना तोंड जिन्याकडे करून, पाठीमागे पाय टाकत उतरायला लागलो, ट्रकच्या केबिनमधून उतरतात तसा. शिडी उतरायची तीच रीत. कुत्र्याला फिरवायला नेणारी शेजारीण एकदा काचेच्या दारातून मला तसं उतरताना बघून थबकली. मी तिला हात केला. एक हात कठड्याला ठेवूनच.

विमान, मग भाड्याची गाडी. मुलाने वाळवंटात गाडी चालवली आणि मी शेजारी बसून त्याला कुठे वेग कमी करायचा ते सांगितलं. त्याने ऐकलं नाही, तरी आम्ही पोचलो. इतकी मोकळी जमीन मी आयुष्यात पाहिली नव्हती. झाड नाही, घर नाही, आणि आभाळ असं की गाडी त्यात वर चढतेय असं वाटावं. सूनबाईने मेतकूट-भात डब्यात आणला होता तो आम्ही लाल धुळीत बसून खाल्ला. दाताखाली थोडं वाळवंट आलं.

सकाळी घळीच्या तोंडाशी गेलो तर आमची ही गाडीतून उतरली ती ट्रॅक पँट घालून. सुनेची. वर कुडता, पायात बूट. पन्नास वर्षांच्या संसारात मी हिला लुगड्याशिवाय आणि मग पंजाबी ड्रेसशिवाय पाहिली नव्हती.

"तू वर बाकावर थांबणार होतीस ना?" मी विचारलं.

"कोण म्हणालं?"

"मुलगा म्हणाला."

"मग त्याला बसव बाकावर," असं म्हणून ती शिडीकडे चालायला लागली.

गाईड तिथल्या मूळच्या लोकांपैकी एक तरुण पोरगी होती, हसरी, डोक्यावर टोपी. डोकं सांभाळा, भिंतीला हात घासू नका, एवढं सांगून ती पुढे झाली. जमिनीत एक भेग होती, फळीला पडावी तशी, आणि तिच्यात शिडी नाहीशी होत होती. आधी सूनबाई, मग नात, मग ही. ही तोंड शिडीकडे करून, पाठीमागे पाय टाकत उतरली. अगदी केबिनमधून उतरावं तशी. अशी रीत ही कुठे शिकली असा मला प्रश्न पडला, आणि मग लक्षात आलं की बेसमेंटमध्ये मी सराव करत होतो तेव्हा वर मजघरात कोणीतरी मऊ पावलांनी खुडबुडत असायचं.

मी उतरलो. मागून मुलगा, माझ्या डोक्यावर डोळे रोखून.

खाली काय होतं ते मला नीट लिहिता येणार नाही, पण सोडणारही नाही. थंडगार. पायाखाली मैद्यासारखी वाळू. दोन्हीकडून दगड अंगावर आलेला, पण धाक दाखवायला नाही, कुशीत घ्यायला. वर आभाळाची एक निळी नाडी. ऊन थेट खाली येतच नव्हतं, या भिंतीवरून त्या भिंतीवर टप्पे घेत उतरत होतं आणि दर टप्प्याला रंग बदलत होतं. मी टोपी काढली. का ते माहीत नाही, देवळात काढतो तशी काढली. आणि मला एकदम हसायला आलं. कारण काहीच नाही. इतका मोठा दगड, आणि पाण्याने त्याच्याशी असा खेळ केलेला! ही पुढे होती, तिने वळून बघितलं आणि तीही हसायला लागली. आवाज भिंतीवरून फिरून परत यायचा, की पुन्हा हसू. नात म्हणाली, "स्टॉप इट, पीपल आर लुकिंग," आणि स्वतः भिंतीला टेकून हसत बसली.

एका वळणावर जागा इतकी अरुंद झाली की मी आणि ही दोघं पोटं आत घेऊन समोरासमोर अडकलो. बाकीचे पुढे गेले होते. तेव्हा ही माझ्या कानाशी म्हणाली, "उजवी पाकळी मी पाण्यात बुडवलीच नव्हती. नुसतं पाणी दाखवलं होतं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "देवाला फसवलंस?"

"देवाला कशाला फसवू? गुरव म्हणाला, जिला काय नको तिने लावावी. मला काय हवं ते कोणी विचारलं होतं?"

"पण तू तर म्हणालीस, कुठेही चला…"

"मग? कुठेही म्हणजे इथेही." आणि पोट आणखी आत घेऊन ती सटकली. मी तिथेच अडकलेला, हसून हसून पोट आत जाईना. गाईड पोरगी परत आली आणि विचारायला लागली की सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, "व्हेरी गुड!"

आता शेवट. वर जायची शिडी उभी होती. सूनबाई आणि नात वर पोचल्या. ही माझ्या पुढे. निम्म्यावर गेली आणि थांबली. गुडघा. मला मागूनच कळलं, पाठीवरून. तिने खाली बघितलं नाही, हाक मारली नाही, नुसता उजवा हात मागे केला, चिमटीत हवा धरावी तसा.

मी तिच्या खालच्या पायरीवर होतो. मुलगा माझ्या खाली. आणि त्या वेळी फावडं माझ्या डोळ्यासमोर आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. लाल, रुंद, दांड्याला पट्टी. पण हात पोचला होता तो पोचलाच. मग आम्ही दोघं एकेक पायरी करत वर आलो, तिचा एक हात कठड्यावर, माझा एक हात कठड्यावर, आणि उरलेले दोन एकमेकांत. बाहेर आलो तेव्हा उन्हाने डोळे मिटले.

"हात धरला," मागून मुलगा म्हणाला.

"मी नाही धरला. तिने धरला."

"बाबा!"

"विचार तिला. हात कोणाचा पुढे आला?"

"माझा," ही म्हणाली, बुटातली वाळू झटकत. "पण धरला यांनी."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"गुडघ्याच्या."

नातीने वरून फोटो काढला होता. सगळे त्या फोनवर वाकले. दोन सुरकुतलेले हात, मागे लाल दगड. कोणाचा हात वर, कोणाचा खाली, कोण कोणाला ओढतंय, काही सांगता येईना. सूनबाईने फोटो मोठा केला, उलटा करून बघितला. विमानतळापर्यंत गाडीत हाच वाद. मी म्हटलं, गुरवाला फोन लावू. मुलगा म्हणाला, नको, तो मला शिव्या देईल. मी जिंकलो असं मी म्हणत होतो, मी हरलो असं तो म्हणत होता, आणि ही खिडकीतून वाळवंट बघत होती. मध्येच मला विचारायची, "अहो, तो जांभळा कोपरा पाहिलात ना?"

ब्रॅम्पटनला टॅक्सीतून उतरलो तर बर्फ. आदल्या रात्री पडलेला, ओला, जड. नांगरवाल्याचा पत्ता नाही. आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी, शहराचा मोठा नांगर रस्ता साफ करताना जो बांध घालून जातो, तो कमरेएवढा. आमची गाडी आत, आम्ही बाहेर. टॅक्सीवाला बॅगा बर्फात ठेवून गेला.

मुलगा बर्फात गुडघाभर रुतत गाडीकडे गेला, डिकी उघडली, फावडं काढलं. मला वाटलं, आता स्वतःच सुरू करणार. त्याच्या मऊ हातांनी. तो माझ्यासमोर आला, फावडं आडवं धरलं, जसा सत्कारात नारळ द्यावा. "फोटो मी रात्री विमानात पुन्हा बघितला," तो म्हणाला. "मला नाही कळत कोणी कोणाचा धरलाय. घ्या. पण एकट्याने नाही."

"मग कोणाबरोबर?"

गॅरेजचं दार वर गेलं. आत ही उभी, ट्रॅक पँट अजून अंगात, हातात बागेचं छोटं खोरं. टॅक्सीतून उतरल्यावर ती आमच्या आधी कधी आत शिरली ते मला कळलंच नाही. चालत चालत ती थेट खाली, रस्त्याकडच्या त्या बांधाशी गेली.

"अगं, खालचा जड आहे, तो माझा! तू वरचा घे, घराजवळचा. सपाट आहे."

"सीनियर्ससाठी बेस्ट," ती म्हणाली आणि खोरं बांधात घातलं.

"खालचा माझा, सांगतोय!"

"मग कौल लावा."

समोरच्या घराची खिडकी उघडली. सरदारजी. "अंकलजी, आज गिरे नहीं?"

"खड़ा हूँ जी!" मी ओरडलो. ट्यूबची पट्टी हाताला लागली, थंड, आणि जागच्या जागी. मी तिच्या शेजारी, खालच्या बाजूलाच, पहिलं फावडं भरलं.